प्रॉम्प्टरला न सापडलेलं वाक्य

अमेरिकेतल्या डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ होते. मूळचे नागपूरचे, चाळिशीतले, सडेफटिंग आणि तोंडात साखर. कुणाची नवी साडी, कुणाचा फसलेला ढोकळा, कुणाच्या मुलीचं बेसूर गाणं, सगळ्याचं ते सारख्याच जिव्हाळ्यानं कौतुक करायचे. बायका खूश व्हायच्या आणि एका शब्दावरही विश्वास ठेवायच्या नाहीत. मीही त्यांतलीच.

त्या वर्षी गणपतीच्या नाटकासाठी एका काकांनी एक जुना फ्रेंच सिनेमा मराठीत बेतला. गोड बोलून बायकांना भुलवणारा एक रंगेल माणूस शेवटी स्वतःच प्रेमात पडतो आणि पार कोलमडतो, अशी गोष्ट. नायक कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. तालमी आमच्या बेसमेंटमध्ये. प्रॉम्प्टिंगला नव्यानंच आलेली एक पुण्याची संशोधक बसायची. घटस्फोटानंतर एकटीच इकडे आली होती. कमी बोलायची आणि संहितेवर बोट ठेवून एकेक ओळ सांभाळायची.

तिच्यासमोर आमच्या या नायकाची वाचाच बसू लागली. पाठ असलेली वाक्यं विसरायचे आणि तिच्या खुर्चीकडे बघत राहायचे. आम्हाला वाटलं, काहीतरी नवं नाटक. मग एका रविवारी शेवटच्या प्रवेशात ते मध्येच थांबले, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "मला आता दुसरं काही सुचत नाही. तुम्ही माझ्याशी लग्न कराल?"

तिनं पानं उलटली. पुढची, मागची, पुन्हा पुढची. "हे कुठल्या प्रवेशात आहे? मला सापडत नाहीये."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. सवयीनं तेही हसले.

पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बायकांनी तिला घेरलं. आपल्याकडे मुलगी आपली वाटू लागली की तिला चिडवतात, तसंच. "अगं, मलापण म्हणाले होते, तुमच्यासारखं कुणी भेटलंच नाही." "मला तर दर दिवाळीला म्हणतात!" बायकांना तिला आपल्यात ओढायचं होतं. ती ताटाकडे बघत ऐकत राहिली. मला तेव्हाच उठून सगळ्यांना गप्प करावंसं वाटलं होतं.

नाटक झालं, टाळ्याही भरपूर पडल्या. मग कळलं की तिनं लांब बेलव्ह्यूला जॉब घेतलाय आणि ती गाव सोडून चाललीय. त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले. "वहिनी, तुम्ही तिला एक कॉल करा ना. मी सिरियसली विचारलं होतं. माझं कुणाला खरंच वाटत नाही."

त्यांच्यासमोरच फोन करणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी वरच्या खोलीत गेले. त्यांनी खरंच विचारलं होतं, हे तिला सांगितलं.

"ताई, मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "स्क्रिप्ट मला अख्खी पाठ होती. ते पुन्हा एकदा म्हणतील म्हणून मी पानं उलटत होते. पण ते सगळ्यांबरोबर हसले. आता नको. माझ्यात पुन्हा तेवढी हिंमत नाही."

खाली आले तेव्हा ते उभेच होते. काही झाकून ठेवावं असं मला वाटलं नाही. जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे ती वाट बघत होती?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.