आखूड पायांचा घोडा

सातासमुद्रापार कुठेशी लढाई पेटली आणि आमच्या तेल्हाऱ्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग ज्याला त्याला घोड्याचं वेड! काल बैलबंडीत बसणारे आज खोगिरावर मिशा पिळत होते. आमचा कोरकू सालदार मात्र घोडा दिसला की बंडी रस्त्याखाली उतरवायचा. अकोल्याच्या बाजारात एका दलालाच्या घोड्याने त्याचं पागोटं चावून फेकलं, तेव्हापासूनची ही धास्ती. आम्ही चेष्टा करायचो, तोही हसायचा.

तो तापाने गेला. वर्षभराने त्याची बायको दारात उभी राहिली.

"पाटील, त्याचा मुंडा गाडाचा हाये. बंडी घेऊन चाला."

मुंडा म्हणजे सागाचा कोरीव खांब. गेलेल्याच्या नावाने तो वाडवडिलांच्या खांबांशेजारी उभा करतात. तोवर तो जीव बाहेरच ताटकळतो, पूर्वज त्याला आपल्यात घेत नाहीत. ऐन वेचणीचे दिवस होते. मी जरा चिडचिडलो, मग बंडीतला कापूस उतरवून बैल जुंपले. माझा माणूस होता तो.

चिखलदऱ्यापलीकडच्या त्यांच्या गावात पोचलो, तर सुतार कोरत बसलेला. वर सूर्य-चंद्र, मध्ये माणूस आणि त्याच्याखाली घोडा!

"अरे, घोडा काहून? बैल काढ. हा घोड्याले भ्यायचा!" माझा आवाज चढला.

"घोडाच असते," सुतार मान वर न करता म्हणाला. "बैलावर गेला तं म्हातारे वळखतीन का त्याले?"

मी आणखी भांडलो असतो, पण त्या बाईचा चेहरा उतरला होता.

"तो यावर बसनारच नाही," ती म्हणाली. "तो बाहेरच राहीन मंग."

कुणी हसलं नाही. ती खांबाशेजारी उकिडवी बसली. घोड्याचे आणि वरच्या माणसाचे पाय अजून कोरायचे होते. त्या जागेवरून तिने बोटं फिरवली.

"याचे पाय आखूड कर. अन् त्याचे लांब. भुईले टेकू दे."

घोडा तर घोडाच राहत होता. सुताराने पटाशी उचलली.

खांब उभा राहिला. शेजारचे सगळे पूर्वज उंच घोड्यांवर ऐटीत, आणि आमचा गडी बकरीएवढ्या घोड्यावर, दोन्ही पाय भुईला टेकवून. मला हसू फुटलं, तिलाही फुटलं. मग तिने हळदीचा हात घोड्याच्या तोंडावर घट्ट दाबला.

"बस आता," ती नवऱ्याला म्हणाली. "म्या धरलं हाये त्याले."