पाळीचं वळण

उमराव गहाणे चालताना कोणाच्याही मागे चालत नसे. जेवणाच्या पंगतीला जाताना असो की मयतीहून परतताना, तो दोन पावलं पुढे असायचा. लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण सलग नऊ वर्षं बोडीटोल्याचा बैलशर्यतीचा पट त्यानेच मारला होता.

बोडीटोला हे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं, साकोली तहसिलीतलं, तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचं गाव. धानकापणी झाली की पौष-माघात बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या होत आणि त्यांत बैलांचा पट भरे. बाकी गावांचे पट सरळ असत. बोडीटोल्याला तेवढी सरळ जमीनच नव्हती, मध्ये तलाव होता. म्हणून इथली धाव तलावाच्या पाळीलगत, म्हणजे मातीच्या बांधालगत, निघे, पाळीच्या टोकाशी डावीकडे वळे आणि पलीकडच्या आंब्याशी संपे. एका वेळी एकच रेंगी, दोन बैलांची हलकी गाडी, धावायची. शाळेचे मनिराम मास्तर सेकंदकाटा असलेलं घड्याळ धरून आंब्याखाली उभे राहत.

जो जिंकेल त्याला केवळराम पाटलांची पांढरी जोडी बाहेरगावच्या पटांत हाकायला मिळे. जिल्ह्यात तिच्या तोडीच्या चार-पाचच जोड्या असतील. त्या जोडीमागे उभं राहून आठ-दहा गावच्या लोकांसमोरून जाणं, हे उमरावचं सगळं आयुष्य होतं. शेती तो करायचा, ती पोटासाठी.

पंचावन्न साली ती जोडी सुकराम डोंगरवारकडे गेली.

सुकराम उमरावचा साडभाऊ. उमरावची बायको कुंदाबाई, तिची धाकटी बहीण चंद्रकांता त्याला दिलेली. तलावाचं पाणी बांध्याबांध्यांत सोडायचं काम गावाने त्याच्याकडे दिलं होतं. त्याचे बैल नांगराचे, एक तर शिंग मोडलेला. कासरा कसा धरायचा हे त्याला लग्नानंतरच्या वर्षी उमरावनेच शिकवलं होतं.

वळणाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. पाळीच्या पायथ्याला चिकटून आत शिरायचं, कारण ती वाट सगळ्यांत जवळची. तिथे डावा बैल जवळजवळ जागीच फिरे, उजव्याला मोठा फेरा पडे, चाकं बाहेर घसरत आणि वळणातून निघाल्यावर जोडीला पुन्हा वेग धरायला वीसेक कदम लागत. उमराव हे सगळं इतरांपेक्षा सफाईने करायचा, एवढंच.

त्या दिवशी सुकराम वळणाआधीच पाळ सोडून उजवीकडे बांधीत गेला.

"गेला," उमराव शेजारच्याला म्हणाला. "बैल आवरून नाही राहिले त्याले."

वळण मागे पडतं की काय असं वाटेपर्यंत सुकराम सरळच गेला. मग त्याने डावा कासरा ओढला. जोडी एका मोठ्या फेऱ्यात फिरली, वळण अर्ध्याहून जास्त सरल्यावर पाळीच्या पायथ्याला घासून गेली आणि आंब्याकडे सरळ निघाली. बैलांची धाव कुठेच मोडली नाही. मास्तरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून. उमरावपेक्षा चार सेकंद कमी लागले होते.

पाटलांनी सुकरामच्या पाठीवर थाप मारली तेव्हा उमराव चाकाची कुणी, आसाच्या टोकाची खीळ, काढत बसला होता. खीळ चांगलीच होती.

घरी कुंदाबाई म्हणाली, "चंद्रकांता लुगडं घेऊन राहिली नवं. जोडी पाहाले जाईन म्हणते."

"घेऊ दे."

"तुमाले का झालं जी? दुसरं कोणी त नाही, आपलाच माणूस जिंकला."

तिसरा कोणी जिंकला असता तर उमराव दोन दिवसांत विसरला असता. सुकराम दर सणाला समोर जेवायला बसायचा, अजूनही त्याला भाऊ म्हणायचा आणि पटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बढाई मारली असती तर निदान भांडता आलं असतं. उमरावला त्याचं नम्र असणंही सहन होईना. तो सुकरामचं घर, सुकरामचे धान, सुकरामचा शिंगमोड्या बैल मोजू लागला आणि प्रत्येक गोष्टीत आपलं जास्त निघालं तरी त्याचं समाधान होईना.

पटाच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, तो एकटा वळणावर गेला होता. सुकरामच्या चाकांची चाकोरी मातीत स्पष्ट होती. वळणाआधीच्या मोहाच्या झाडापासून ती जिथे वळली तिथपर्यंत उमरावने कदम मोजले. एकतीस भरले. तिथे त्याने पळसाची खुंटी जमिनीसपाट ठोकली. सुकरामला विचारणं सोपं होतं. ते त्याच्या मनातही आलं नाही. आपणच शिकवलेल्या माणसाला काय विचारायचं?

उन्हाळाभर बांध्या रिकाम्या होत्या. लोक मोह वेचायला जात तेव्हा उमराव बैल जुंपून खुंटीपर्यंत जाई आणि वळे. पंधरा दिवसांत बैल स्वतःहून वळू लागले. एकतीस कदम. त्याला ते कळलं होतं, आणि ते सुकरामचं आहे हे तो हळूहळू विसरलाही.

पंचावन्नच्या पावसाळ्याने दिवाळीपर्यंत पाठ सोडली नाही. माघात पट भरला तेव्हाही तलाव काठोकाठ होता. चिठ्ठ्यांत उमरावचा नंबर सुकरामच्या आधी आला. त्याने पाळ सोडली, बांधीत शिरला. लोकांत कुजबूज झाली. खुंटीवर त्याने डावा कासरा ओढला आणि त्याच क्षणी उजवं चाक आसापर्यंत खाली गेलं. वरची माती वाळून पांढरी झाली होती, खाली चिखल होता. उजवा बैल गुडघ्यावर आला. उमरावला उतरून चाकाला खांदा द्यावा लागला.

"उमरावभाऊ!" पाळीवरून गावातला कवडू ओरडला. "रोवणा कराले उतरला का? परे आणू?"

धानाची रोपं लावायलाच असं चिखलात उतरतात; सगळी पाळ हसली.

मागून सुकराम आला. तो खुंटीच्या दहा कदम आधीच वळला, गेल्या सालापेक्षा लहान फेऱ्यात, आणि कोरड्या मातीवरून निघून गेला.

संध्याकाळी तलावावर उमराव बैल धूत होता. सुकराम येऊन न सांगताच दुसऱ्या बैलाला पाणी मारू लागला.

"भाऊ, तू मागच्या सालची चाकोरी धरली. औंदा तलाव भरून आहे, पाळ पाझरून राहिली, पाणी खालच्या बांधीत मुरते. आदल्या दिवशी पायात काही न घालता फिरून पाहिलं का कळते. थंड लागते तिथून बैल नाही न्यायचा."

उमरावच्या आजाने ही पाळ बांधताना माती वाहिली होती. भरलेल्या तलावाखाली जमीन पाझरते हे कोहळ्याच्या लेकराला कळतं.

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"तू कवा विचारलं?" सुकराम म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. उमरावने तो शोधला, सापडला नाही.

पुढे वर्षभरात सुकरामकडेच राहिलेली पाटलांची जोडी बाहेरच्या तीन पटांत हरली. सरळ धावेत वळायचं नसतं, बैलांना शेवटच्या दमापर्यंत पेटवायचं असतं. ते सुकरामला जमत नव्हतं. छप्पनच्या शेवटी पाटील स्वतः उमरावच्या दारात आले. "जोडी तूच हाक," म्हणाले. "सुकरामच म्हणला, उमरावभाऊले द्या म्हणून."

उमरावने जोडी घेतली. शेजारगावच्या पटात पहिला आला. गुलाल पडला, पाटलांनी डोक्यावर फेटा ठेवला. परतताना कुंदाबाई रेंगीत मागे बसली होती.

"आता त भरलं मन?"

"सुकराम कुठं उभा होता?" उमरावने विचारलं. "मले दिसला नाही."

"तो आलाच नाही जी. गव्हाले पाणी सोडायचं होतं म्हणे."

गाव येईपर्यंत उमरावने जोडी चालतच नेली आणि मागून येणाऱ्या दोन गाड्यांना पुढे जाऊ दिलं.