उन्हाळ्यात ओली झालेली तुळई

पस्तिशी उलटल्यावर मी पीएचडी करायला घेतली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "विषय काय तुया?"

म्हटलं, "लाकडातला ओलावा मोजायचा."

"मंग हात लावून पाहा ना," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. पुढं माझ्या संशोधनावर भल्याभल्यांनी टीका केली, पण इतकी नेमकी कोणालाच जमली नाही.

मी यवतमाळला कॉलेजात सिव्हिल शिकवते. माझा प्रयोग पिझोच्या टिकल्यांचा होता. रुपयाएवढी पितळी टिकली. वीज दिली की थरथरते, आणि तिला हलवलं की उलट आपल्यालाच चिमूटभर वीज देते. लाकडावर हातभर अंतरानं अशा दोन टिकल्या चिकटवायच्या. एक थरथरते, दुसरी ऐकते. लाकूड कोरडं असलं की थरथर खणखणीत पोचते, ओलं असलं की मेल्यासारखी. एवढंच. हे एवढंच सांगायला मला पुढं दोनशे पानं लागली.

प्रयोगाला खरीखुरी जुनी तुळई हवी होती. ती बोरी अरबकडच्या एका गावातल्या वाचनालयात सापडली. पूर्वी ती जिनिंगवाल्यांची कचेरी होती. वर कवेलूचं छप्पर आणि त्याखाली तीन दणदणीत सागवानी तुळया. तिथले ग्रंथपाल म्हणजे पंचावन्नच्या पुढचे, जाड मिशांचे गृहस्थ. वाचकानं पुस्तक मागितलं की त्यांना त्यात काहीतरी डाव दिसे. मला मात्र त्यांनी लगेच परवानगी दिली.

"चिपकवा टिकल्या," ते म्हणाले. "तुळईले नवरी करा. पण पुस्तकाले हात नका लावू."

फेब्रुवारीत टिकल्या लावल्या. दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायचं, शिडीवर चढायचं, आकडे घ्यायचे. दोन तुळया शहाण्यासारख्या वागत होत्या. तिसरीचं पश्चिमेकडचं टोक मात्र मार्चअखेर मंदावलं आणि एप्रिलमध्ये आणखी. म्हणजे उन्हाळा चढतोय आणि बाई ओल्या होतायत.

मी ठामपणे जाहीर केलं, की छप्पर गळतं आहे.

"पाणी पडलं कधी?" ग्रंथपालांनी विचारलं.

"मागे साचलेलं असेल," मी म्हणाले. ज्याला आपल्याला काही कळलेलं नाही हे कबूल करायचं नसतं, तो माणूस असंच बोलतो.

गावातल्या चार माणसांनी भर उन्हात त्या बाजूचे सगळे कवेलू उतरवले, तपासले, पुन्हा बसवले. खाली एका थेंबाचाही डाग नव्हता. एक जण घाम पुसत म्हणाला, "मॅडम, तुमची मशीनच पाहून घ्या एखाद्या डॉक्टरले दाखवून." मी तोंड खाली घालून शिडी धरून उभी होते.

तुळई तपासायला गावचे सुतार आले. म्हातारे, ताठ. त्यांनी शिडीवरून हातोडीनं मधोमध ठोकलं, कान लावला. "वाजून राह्यली मस्त. अजून दोन पिढ्या जात नाही."

"टोकाला ठोका ना."

"टोक भिताडात हाय. तिथं कायले ठोकू? भिताडच वाजन."

मेमध्ये ग्रंथपालांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून वाचनालय आठ दिवस बंद होतं. उघडलं त्या दिवशी मी सकाळीच पोचले आणि आकडे घेतले. तिसऱ्या तुळईची तब्येत जराशी सुधारली होती! मी शिडीवर बसून विचार करत राहिले. आठ दिवसांत इथं काय नव्हतं? ग्रंथपाल नव्हते. माणसाच्या असण्यानं लाकूड ओलं होत नाही, तो कितीही रागीट असला तरी.

तेवढ्यात खाली त्यांनी कूलर चालू केला.

तो वरच्या झरोक्यात बसवला होता, बरोबर तुळईच्या टोकाशेजारी. मी शिडी सरकवून वर डोकावले. पाण्याची नळी चिरलेली होती आणि बारीक धार थेट भिंतीत चालली होती. तुळईचं टोक त्याच भिंतीत बसवलेलं. मार्चपासून ती बिचारी रोज आंघोळ करत होती.

"कूलर बंद करा!" मी वरून ओरडले.

"काहून?" ते उठून उभेच राहिले. "चार वर्षं अर्ज केले, तवा तीन उन्हाळ्यांमागं भेटला हा! वाचकाले थंडावा नको काय?"

वाचक दोन होते. दोघंही तोंडावर पेपर घेऊन घोरत होते.

सुतारांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी भिंतीचा थोडा चुना खरवडला आणि टोकात पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. त्याच टोकाखाली ग्रंथपालांची खुर्ची होती. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि खुर्ची स्वतः उचलून दाराजवळ नेली.

"माया कान फसला," सुतार खाली उतरून म्हणाले. "मी वाजते तिथं ठोकलं. दुखते तिथं नाही ठोकलं."

मला वाटलं, माझंही तेच झालं होतं, फक्त मी त्यासाठी चार माणसांना उन्हात छपरावर चढवलं. त्या चौघांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. एकानं हसून ताक दिलं. दुसऱ्यानं विचारलं, की ही टिकली म्हशीला लावता येईल का.

लोखंडी टेकू लावून सुतारांनी कुजलेला भाग कापला, नवं सागवान बोल्टनं जोडलं. कूलर जमिनीवर, दाराबाहेर गेला. माझ्या गाइडनी प्रबंधातून 'कूलर' हा शब्द काढायला लावला; तिथं आता 'स्थानिक बाष्पीभवनजन्य आर्द्रतास्रोत' आहे. जून-जुलैत बाहेर धो धो पाऊस असताना तिसऱ्या तुळईचे आकडे दर खेपेला चढत गेले; ती वाळत होती.

दिवाळीआधी तालुक्याचे एक साहेब वाचनालय पाहायला आले तेव्हा मी तिथंच होते. ग्रंथपालांनी त्यांना तुळईवरची टिकली दाखवली. "इथं ओल हाय, हे मलेच पयले समजलं साहेब," ते म्हणाले. "मंग मॅडमले बोलावलं."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मी गुमान पीत राहिले.