काकूंची चिप

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा एका मुलीच्या तोंडून समोरच निसटलं आणि ती जीभ चावून उभी राहिली. काकूच हसून म्हणाल्या, "अगं, हे पांढरे केस बघून ताई म्हणाली असतीस तर मलाच संशय आला असता." तेव्हापासून ते नाव पक्कं झालं. बरोबरची सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, आणि काकू चाळिशीला टेकलेल्या.

त्याआधी कितीतरी वर्षं त्या डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होत्या. तीच ती सर्किटं फळ्यावर काढून हाताला इतकं वळण पडलं होतं, की झोपेत उठवलं असतं तरी काढली असती. एक दिवस फळा पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, दुसऱ्यांनी केलेलं किती दिवस शिकवायचं? आपण स्वतः काय केलं? तो विचार काही पाठ सोडेना. पीएच.डी. करावी म्हणून घरी बोलल्या. नवरा दातांच्या कवळ्या बनवणारा, मुळात मितभाषी. तो म्हणाला, "कर." सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात? पोरीच्या अभ्यासाचं काय, घराचं काय?" दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सकाळचे डबे मी बघीन. पण मीठ कमी पडलं तर तोंड वाकडं करायचं नाही."

संशोधनाचा विषयही सासूबाईंमुळेच सुचला. मागे त्यांना मध्येच धडधडायचं, म्हणून डॉक्टरांनी ठोके टिपणारं यंत्र एक दिवसभर अंगावर लावून ठेवायला सांगितलं. छातीवर चिकटपट्ट्या, त्यातून लोंबणाऱ्या वायरी आणि कमरेला डबी. "मला काय विजेचा खांब केलाय का?" असं म्हणत त्या दिवसभर एका कुशीवर पडून राहिल्या आणि शेवटी वैतागून त्यांनी एक वायर उपटली. तपासणी वाया गेली.

काकूंनी ठरवलं, वायरीही नकोत आणि बॅटरीही नको. नखाहून लहान अशी एक चिप करायची, साध्या चिकटपट्टीत मावेल इतकी. तिचे दोन भाग. एक भाग अंगाच्या उबेतून थेंबभर वीज गोळा करणार, आणि दुसरा त्या विजेवर हृदयाचा क्षीण सिग्नल मोठा करून दाखवणार, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. मार्गदर्शक सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दोन्हींपैकी एक जमलं तरी डिग्री होईल. दोन्ही जमली तर मीच तुमच्याकडे शिकायला येईन."

काकू कामाला लागल्या. चिपचा नकाशा पडद्यावर काढायचा, थरावर थर, रंगीत पट्ट्यांच्या गुंत्यासारखा. प्रत्येक पट्टी म्हणजे एक तार. नकाशा पुरा झाला की तो कारखान्याकडे पाठवायचा. तिथे अनेक विद्यापीठांचे नकाशे सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर छापले जातात, आणि ती संधी वर्षातून एकदाच येते. पाठवण्याच्या आठवड्यात काकूंच्या मुलीला ताप, तपासणीच्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या तक्रारींची ही लांबलचक रांग, आणि डोळे चुरचुरत असलेल्या काकू. त्या तक्रारींमध्ये बहुतेक सगळ्या फुकटच्या असतात, सगळेच त्या 'चालेल' म्हणून पुढे ढकलतात. काकूंनीही ढकलल्या. नकाशा गेला.

पुढचे कित्येक महिने वाट बघण्यात गेले. एक दिवस पुठ्ठ्याचं खोकं आलं. आत मऊ गादी घातलेल्या डबीत तांदळाच्या कणीएवढ्या मोजक्या चिप. अख्खी प्रयोगशाळा टेबलाभोवती गोळा झाली. मुनी म्हणून एक विद्यार्थी होता, दिवसाला चार शब्द बोलला तर बोलला. पण हात असा स्थिर, की सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडायचं काम सगळे त्याच्याकडेच आणत. त्याने पहिली चिप जोडून दिली. काकूंनी वीज सोडली. खोटे ठोके देणारी एक पेटी होती, तिची वायर लावली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक रेघ उमटली. सरळ. शांत. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पेशंट गेला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि कुणीच हसलं नाही.

दुसरी चिप लावली, तिसरी लावली. तीच गत. काकूंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बोर्ड तपासला, सोल्डरिंग पुन्हा केलं, सगळ्या वायरी बदलल्या. घरी कुणी विचारलं की "चाललंय" एवढंच सांगत. शेवटी एका दुपारी त्यांनी आपलाच जुना नकाशा उघडला आणि एकेक तार बोटाने पुढे नेत गेल्या. अ‍ॅम्प्लिफायरची ग्राउंडची तार, म्हणजे वीज परत जायची वाट, कोपऱ्यापर्यंत येऊन थांबली होती. पुढे जायचं ते राहूनच गेलं होतं. मध्येच एका ठिकाणी तारेला दिलेलं नाव बदललं होतं, त्यामुळे दोन टोकं एकमेकांची कुणीच लागत नव्हती. प्रोग्रॅमने ते सांगितलंही होतं. बाकीच्या फुकटच्या तक्रारींबरोबर तीही काकूंनी ढकलली होती.

त्यांनी नकाशा बंद केला. मग उठून सरांच्या खोलीत गेल्या.

"कारखान्याचा घोळ की आपला?" सरांनी विचारलं.

"माझा," काकू म्हणाल्या.

सर खुर्चीत मागे रेलले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "पुढची तबकडी वर्षाने," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सासूबाईंना सगळं सांगून मोकळ्या झाल्या. सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"मग परत कर की. दुकानदार बदलून देईल."

"आई, ते तसं नसतं."

"का? वॉरंटी नाही?"

"त्यांनी मी काढलं तेच बनवलं. मीच चुकीचं काढलं होतं."

सासूबाईंनी जरा विचार केला. "एक तार राहिली ना? मग जोड."

"ती तार डोळ्यांना दिसतही नाही हो आई. वर काचेचा थर असतो. कशी जोडू?" असं म्हणता म्हणता काकूंचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सुनेच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. कपड्यांवर कवळ्यांची पांढरी भुकटी घेऊन नवरा आला, दारात थबकला, आणि त्याने भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी काकू डबी गुंडाळून कपाटात ठेवत होत्या, तेवढ्यात मुनी बाजूला येऊन उभा राहिला.

"जोडता येईल," तो म्हणाला.

"काय?"

"तार. आयनांचा झोत असतो. पलीकडच्या संस्थेत मशीन आहे." एवढं बोलून त्याला धाप लागल्यासारखं झालं. "माझी चिप मागच्या वर्षी वाचली होती. थोडी."

काकूंना त्याला मिठी मारावीशी वाटली, पण तो बिचारा पळून गेला असता. ते मशीन चालवणारी बाई जाडजूड आणि फटकळ होती. नकाशा बघून म्हणाली, "वरच्या थरातच आहे, नशीब तुमचं. झोताने काचेला भोक पाडायचं, मग प्लॅटिनमची वाफ सोडायची. झोत फिरेल तिथे धातू चिकटत जातो. पण हमी देत नाही हं. आमच्याकडे येतात त्यातल्या निम्म्या जिवंत परत जात नाहीत."

पहिल्या चिपमध्ये भोक जरा खोल गेलं आणि खालची दुसरी तार त्यात तुटली. गेली. दुसरीत धातूचा पूल नीट झाला, पण बाहेर काढताना चिमट्यातून सुटून ती कुठे उडाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होत्या, तेव्हा त्या फटकळ बाईलाच हसू फुटलं. "एवढ्या शिकलेल्या आपण, आणि बघा." तिसऱ्या चिपला काकूंनी मनातल्या मनात काय काय विनवलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुनीने ती जोडून दिली. पेटी लावली. रेघेवर आधी नुसती कुसळं दिसली. मग काकूंनी एक बटण जरा फिरवलं, आणि त्या कुसळांतून एक टोक वर आलं, मग दुसरं, मग ओळीने येतच राहिली. शेजारच्या खोलीतून मुलं धावत आली. कुणीतरी टेबल बडवलं, त्यासरशी रेघ थरथरली, आणि काकू ओरडल्या, "अरे, हात लावू नका रे कुणी!"

तरी सगळं जमलं असं नाही. प्लॅटिनमचा पूल तांब्याच्या तारेइतका चांगला नव्हता, त्यामुळे कुसळं शेवटपर्यंत राहिली. आणि उबेवर वीज करणारा भाग तर हट्टीच निघाला. खोली थंडगार केली की चालायचा, जरा उकडलं की आडून बसायचा. पुढच्या तबकडीला काकूंनी दुरुस्त नकाशा पाठवला. या वेळी प्रत्येक तक्रार मुनीला शेजारी बसवून वाचली, अगदी फुकटचीसुद्धा. नव्या चिपचा अ‍ॅम्प्लिफायर सुरेख चालला. उबेचा भाग तसाच हट्टी राहिला. काकूंनी प्रबंधाचं लांबलचक नाव कापून अर्ध्यावर आणलं आणि जे जमलं नाही तेही सरळ लिहून टाकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटत म्हणाले, "पहिल्या चिपच्या चुकीवर तुम्ही अख्खं प्रकरण लिहिलंय. याची गरज होती का?"

खोलीत चुळबुळ झाली. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"मला ती शोधायला फार वेळ लागला, सर," काकू म्हणाल्या. "पुढच्या कुणाला लागू नये."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, तो उबेच्या भागावर होता आणि भलता अवघड होता. काकूंना त्याचं उत्तर आलं नाही. तसं त्यांनी सांगितलं. मग दोघांनी मिळून फळ्यावर अर्धा तास त्यावर डोकं लढवलं, आणि ही परीक्षा आहे हे दोघंही विसरले.

मागच्या रांगेत सासूबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. सगळं आटोपल्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हा त्यांनी नातीला कोपराने ढोसून विचारलं, "पास ना?"

"हो, आजी."

"मग एवढा वेळ वाद कशाला घालत होते दोघं?" असं म्हणत त्या उठल्या, आणि सुनेला गाठायला सगळ्यांच्या आधी पुढे निघाल्या.