बाळकुमची वार

मूल जन्मलं की मागोमाग वार येते. घरचे मुलाकडे बघतात, आम्ही वारेकडे. मी ठाण्यातल्या एका टिश्यू बँकेत काम करते. वारेला लागून असलेला पातळ पडदा आम्ही सोडवतो, धुतो, कागदावर पसरून गोठवून ठेवतो. दिसतो ओल्या बटरपेपरसारखा. चुना किंवा अ‍ॅसिड जाऊन भाजलेल्या डोळ्यावर तो शिवला की जखम लवकर भरते. प्रयोगशाळेत त्याच्यावर नव्या पेशीही वाढवतात; पेशींना धरून बसायला काहीतरी लागतं, ते हा पडदा देतो. ठरवून केलेल्या सिझेरियनचीच वार आम्ही घेतो. त्यासाठी आईची संमती आधी लागते आणि ती मागायला मी जाते.

ठाण्याजवळच्या बाळकुम गावची एक सून सिझेरियनसाठी हॉस्पिटलात आली होती. तिने सहीसाठी पेन उघडलं आणि सासूने तिचा हात धरला.

"गो बाय, वार नाय देनार. आमी ती घरामागं पुरतो."

"घरामागं आता पार्किंग आहे, आई," सून म्हणाली.

"त्याच पार्किंगखाली तुझ्या नवऱ्याची हाय. त्याच्या बापाची पन. ह्या पोराचं गावात काय राहील? वरच्या मजल्यावरचा फ्लॅट?"

करणीच्या भीतीने नकार देणाऱ्यांना काय सांगायचं ते मला पाठ आहे. हे नवीन होतं. भातशेती बिल्डरकडे गेलेली, वर टॉवर उभा, आणि म्हातारीला नातवाचं काहीतरी मातीत हवं होतं.

मी सरळ सांगितलं, "वार या हॉस्पिटलात घरी देत नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तरी ती जाळायलाच जाणार."

तिने सुनेचा हात सोडला नाही.

"पण बाळाच्या बेंबीला नाळेचा तुकडा राहतो," मी म्हणाले. "तो थोड्या दिवसांत वाळून घरीच गळतो. तो तुमचा."

तिने विचार केला. "गावदेवीच्या मागं माती हाय अजून. तेवढी नाय दिली बिल्डरला." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आन ज्याच्या डोल्याला तो पडदा लागंल, तो आमचा कोन?"

"कोणी नाही. त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं त्याला."

"मंग हलदीला बोलवता नाय येनार," ती म्हणाली आणि हात सोडला. सुनेने सही केली.

पडदा लगेच कोणाला देत नाहीत. काही महिन्यांनी आईचं रक्त संसर्गासाठी पुन्हा तपासावं लागतं, तोवर तो फ्रीझरमध्ये पडून असतो. त्या तपासणीचं रक्त घ्यायला मी बाळकुमला गेले. म्हातारीने आधी मला गावदेवीच्या मागे नेलं. एका विटेखाली नाळ पुरलेली होती. कुत्री उकरतात म्हणून वीट.

"लागला का पडदा कोनाला?" तिने विचारलं.

"रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय नाही."

घरी आलो. सून बाळाला भरवत होती. म्हातारीने बाळ स्वतःकडे घेतलं, सुनेची बाही वर केली आणि तिचा हात माझ्यापुढे धरला.

"घे गो लवकर. कोन तरी आंधला बसलाय."