दुपारी दोनची हजेरी

गौरवग्रंथाच्या समितीने मला पत्र पाठवून दोन सूचना केल्या आहेत. लेख आदराने लिहावा आणि त्यात तक्रारी नसाव्यात. पहिली सूचना मी मनापासून पाळणार आहे. दुसरी पाळायची ठरवली तर मला आदरणीय वत्सलाताईंविषयी एक ओळही लिहिता येणार नाही, कारण त्यांच्या हाताखालची माझी निम्मी वर्षं तक्रार करण्यातच गेली. तेव्हा समितीने क्षमा करावी.

ताईंची आणि माझी पहिली भेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी अंजूरची, नवी सून, बालवाडीचा कोर्स नुकताच पुरा केलेली. खळ केलेली साडी नेसून, पर्समध्ये प्रमाणपत्र ठेवून मी भिवंडीत ताईंच्या बालवाडीत गेले. बालवाडी म्हणजे लूमच्या शेडमागची एक खोली. भिंतीपलीकडे माग चालू, त्यामुळे नमस्कारसुद्धा ओरडून करावा लागला. ताईंनी प्रमाणपत्राकडे पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुष्पाबाई, ह्या टाचेच्या चपला उद्या नकोत. सपाट घालून या." मला वाटलं, बाईंना नखरे आवडत नसतील. खरं कारण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं.

अकरा वाजता गाणी-गोष्टी संपवून, खाऊ देऊन आम्ही मुलांना घरी सोडलं. मी पर्स उचलली, तर ताई म्हणाल्या, "निघालात कुठे? हजेरी राहिलीय अजून." हजेरीचं रजिस्टर त्यांनी पिशवीत टाकलं आणि आम्ही गल्लीत उतरलो. जी मुलं सकाळी आली नव्हती, त्यांच्या घरी एकेक करून जायचं. मूल डोळ्यांनी पाहायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: काय खाल्लंस, घरात कोण आहे, काही दुखतंय का. उत्तरं मिळाली की उंबऱ्यावर बसून त्या मुलाच्या नावापुढे 'ह' लिहायचा. जे मूल कुठेच दिसलं नाही, त्यालाच 'गै'. सगळ्या जगात हजेरी सकाळी होते. आमच्याकडे ती दुपारी दोनला पुरी व्हायची, आणि तोवर पायांचे तुकडे पडलेले असायचे.

बरं, एखाद्या घरी दोन मिनिटांत उरकून निघावं, तर तेही नाही. वस्तीतल्या बहुतेक बाया घरात बसून मागासाठी कांड्या भरायच्या, म्हणजे नळकांड्यांवर सूत गुंडाळायच्या. ताई शेजारी बसकण मारून स्वतः दोन-चार कांड्या भरायला घ्यायच्या. हात चालू असले की बाई बोलते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, कुणाला नवरा माहेरी पाठवत नाही, कुणाचं रेशनकार्ड गावीच राहिलंय, हे सगळं त्या कांड्यांबरोबर बाहेर यायचं आणि ते निस्तरायचं काम पुढे आमच्या गळ्यात पडायचं. त्यात प्रत्येक घरी चहा. नाही म्हटलेलं ताईंना चालायचं नाही. बाराच्या सुमारास माझ्या पोटात आग पडलेली असायची आणि ताई पुढच्या दाराची कडी वाजवत असायच्या.

वर्गातही सुख नव्हतं. चार-पाच वर्षांच्या पोरींना घरी धाकटं भावंड सांभाळावं लागतं म्हणून त्या येत नाहीत, हे लक्षात आल्यावर ताईंनी खोलीत जुन्या साड्यांच्या चार झोळ्या बांधल्या. भावंडाला घेऊन या, म्हणाल्या. आल्या की मग, चार झोळ्यांत मावतील तेवढ्या. एका हाताने झोळीची दोरी ओढत आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर फुलं-पानं काढत मी कितीतरी सकाळी काढल्या. कोर्समध्ये झोळीचा धडा नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. "मग आता शिकलात ना," एवढंच ताई म्हणाल्या. असं काही ऐकून घेतल्यावर माणसाने कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. तो सांगायला मला अवघड जातं, कारण त्यात चूक माझी आहे.

आमच्या बालवाडीला मान्यता होती आणि ती टिकवायची तर ठरावीक हजेरी दिसावी लागे. एक दिवस साडेदहाला तपासणीच्या बाई न कळवता आल्या. ताई एका तापाच्या मुलाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. खोलीत मुलं अठरा. तपासणीच्या बाईंनी रजिस्टर मागितलं. आजचं पान कोरं, कालच्या पानावर एकतीस 'ह'. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काल एकतीस होती?"

त्या आठवड्यात मी ताईंवर मनातून फार चिडलेली होते. माझ्या चपलेचा अंगठा दोनदा तुटला होता आणि घरी सासूबाईंची बोलणी खाल्ली होती. मी सरळ सांगून टाकलं, "काल पण अठराच होती, बाई. बाकीची घरी बघून लिहिलेली आहेत." खरं बोलल्याचं मला त्या क्षणी समाधानच वाटलं, हे आज कबूल करते. त्यांनी लाल शाईने पानावर शेरा मारला: 'खोटी हजेरी.' महिनाअखेर बालवाडी बंद करण्याविषयी कळवण्यात येईल, असं सांगून त्या निघून गेल्या. तेव्हा कुठे माझ्या पायाखालची जमीन सरकली. अठरा मुलं समोर बसली होती आणि झोळीतलं एक बाळ रडत होतं.

ताई परतल्यावर मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. ताईंनी पाणी प्यायलं, पान उघडून शेरा वाचला आणि म्हणाल्या, "तुम्ही खोटं कुठे बोललात? रडू नका." पुढचे आठ दिवस आम्ही सगळ्यांनी त्यांची मनधरणी केली. बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाच्या बाया म्हणाल्या, माफीचा अर्ज द्या. मी म्हटलं, "ताई, घरी असलेल्या मुलांना गैरहजर लिहू या. भेटी वेगळ्या वहीत मांडू. आपलं काम तेच राहील, नुसतं एक अक्षर बदलायचंय." ताई हट्टाला पेटल्या की कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. तरी मी दोन दिवस हाच घोष लावल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

ताई मूळच्या दिघाशी गावच्या. त्या म्हणाल्या, "पुष्पाबाई, माझे वडील लहानपणी शाळेत जायचे. आमच्या लोकांना वर्गात घ्यायचे नाहीत, पडवीत बसवायचे. मास्तर आतून नाव पुकारायचे, हे बाहेरून 'हजर' म्हणायचे. तीन वर्षं ते रोज हजर होते आणि वर्गाच्या आत एकदाही नव्हते. ते चाललं ना सगळ्यांना? मग माझ्या वर्गातली मुन्नी घरात बसून भाऊ सांभाळतेय, कुणीतरी तिला बघून आलंय, तर तिला मी गैरहजर कशी लिहू?"

आमच्या घरातल्या कुणालाही कधी पडवीत बसावं लागलं नव्हतं. मी वेगळ्या वहीचा विषय सोडला. पण म्हणून माझी चिडचिड कमी झाली असं समजू नका. बालवाडी बंद झाली तर ती एकतीस मुलं जाणार कुठे, हा माझा प्रश्न होताच.

महिना संपायच्या आत तपासणीच्या बाई पुन्हा आल्या. बालवाडी बंद करण्याचा कागद पिशवीत तयार होता आणि तो त्यांना ताईंच्याच हातात द्यायचा होता. वेळ दुपारी साडेबाराची, म्हणजे ताई अर्थातच जागेवर नाहीत. पाठीत उसण भरल्यामुळे मी त्या दिवशी खोलीवर थांबले होते. म्हटलं, "बसा, दोनपर्यंत येतील." बाईंना थांबायला वेळ नव्हता. शेवटी मीच उठले, ताई त्या दिवशी विसरून गेलेलं रजिस्टर उचललं आणि त्यांना घेऊन गल्लीत शिरले. त्यांच्या चपला टाचेच्या होत्या.

पहिल्या घरी गेलो, तर ताई आत्ताच गेल्या. दुसऱ्या घरी, आत्ताच गेल्या. प्रत्येक घरी आम्ही एक चहा मागे आणि ताई एक घर पुढे. सातव्या दारात मुन्नीची आई नसीम कांड्या भरत होती. आत रातपाळी करून आलेला नवरा झोपलेला, म्हणून ती हळू बोलत होती. मांडीवर भाऊ घेऊन मुन्नी बाजूला बसली होती. तपासणीच्या बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी बालवाडीत येते का?"

नसीम म्हणाली, "आती है ना. बालवाडी रोज आती है."

"अहो, मुलगी बालवाडीत जाते का, ते विचारतेय मी."

"वही तो बोल रही हूँ, बाई. कल भी आयी थी. आज बैठी, दो कांडी भरी, अभी गयी."

मला आधी हसू आलं आणि मग एकदम उमगलं. वस्तीत सगळेच तसं म्हणायचे, आणि मी इतके दिवस ती त्यांची भाषेची चूक समजत होते. बालवाडी म्हणजे ती शेडमागची खोली, हे आमच्या कागदावर. त्यांच्या लेखी बालवाडी म्हणजे ताई. ती रोज येते, बसते, पोरांना काय खाल्लं विचारते आणि पुढच्या घरी जाते.

एवढ्यात मुन्नी माझ्या हातातलं रजिस्टर बघून भावासकट उठून उभी राहिली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "हजर." मग भावाचा हात वर करून म्हणाली, "ये भी हजर."

तपासणीच्या बाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी पाणी मागितलं, चहाही घेतला. मग रजिस्टर मागून घेतलं, शेऱ्याच्या पानावरची घरची तेरा नावं मला विचारून वाचली आणि म्हणाल्या, "उरलेली घरं दाखवा." आम्ही ती सगळी पालथी घातली. शेवटच्या घरी ताई सापडल्या. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "माझा शेरा मला खोडता येत नाही." त्यांनी त्याच्याच खाली लिहिलं, 'तेरा मुले घरी जाऊन पाहिली. सर्व आढळली,' आणि सही केली. बंद करण्याचा कागद पिशवीतून बाहेर आलाच नाही. जाताना त्यांनी एक अट घातली: खोलीतल्या मुलांचा 'ह' निळ्या शाईने लिहा, घरच्यांचा लाल शाईने.

सगळं सुरळीत झालं, असं वाटलं ना? दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळे 'ह' निळ्यानेच लिहिले. "मुलांत दोन रंग कशाला?" म्हणे. मी हात टेकले. त्या दिवसापासून लाल पेन माझ्या पर्समध्ये राहिलं. ताई निळ्याने लिहायच्या आणि मी मागाहून घरच्या मुलांचे 'ह' लालने गिरवायचे. आता नव्वदचं दशक निम्मं झालं, तरी हा उद्योग चालूच आहे. ताईंनी त्या पेनला एकदाच हात लावला.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. दिवस झाले, सगळे पाहुणे गेले, तरी मला घराबाहेर पडवेना. वर्गात उभं राहून गाणं म्हणायची ताकदच राहिली नव्हती. मी ताईंना चिठ्ठी पाठवली की आता माझ्याच्याने होणार नाही, दुसरी कुणी बघा. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई दारातून म्हणाल्या, "पुष्पा, कोन बाय आयलीय गो, पिशवी घेऊन."

ताईंचे गुडघे तेव्हाच गेले होते. भिवंडीहून अंजूरपर्यंत रिक्षाने आल्या होत्या आणि आमच्या पायऱ्या दोन्ही हात टेकून चढल्या. चिठ्ठीचं नावही काढलं नाही. माझ्या शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय खाल्लंस?" इतक्या वर्षांत त्या मला कधी अगं-तुगं करून बोलल्या नव्हत्या. मी सांगितलं, काही नाही. "घरात कोण आहे?" सांगितलं. "दुखतंय का?" आई गेल्यापासून मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

मग त्यांनी पिशवीतून शिक्षिकांचं हजेरीपत्रक काढलं. माझ्या नावापुढे सगळ्या महिन्याच्या चौकटी रिकाम्या होत्या. ताई म्हणाल्या, "तुझं ते लाल पेन दे. घरी असणाऱ्यांना लाल, असं तूच म्हणतेस ना."

त्यांनी त्या दिवसाच्या चौकटीत 'ह' लिहिला. मी वर्गात नव्हते, गाणं म्हटलं नव्हतं, काही केलं नव्हतं. एके काळी याच हजेरीला मी खोटी ठरवलं होतं. पुढच्या सोमवारी मी सपाट चपला घालून कामावर गेले.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे बरे होवोत आणि माझ्यासारख्यांना वैताग द्यायची त्यांची ताकद अशीच टिकून राहो. सत्काराच्या दिवशी त्या व्यासपीठावर वेळेवर येतील, या भ्रमात समितीने राहू नये. नाव पुकारल्यावर खुर्ची रिकामी दिसली, तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसल्या आहेत असं समजावं. त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहू नये. लाल पेन घेऊन मी मागच्या रांगेत बसलेली असेन.