पाणी चढवणारा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि आमच्या घरात माझा बनियन कुठं फाटलाय, ते सुद्धा तिला माझ्याआधी कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल. किंवा परवा रहिमतपुरात जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही म्हणून.

आमच्याकडं, तासगावच्या या अंगाला, नव्या पाइपलाइनचं पहिलं पाणी कुणीही उठून सोडत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे, अशा माणसाला बोलावतात. तो नारळ फोडतो, व्हॉल्व्हचं चाक फिरवतो, घरची बाई पाण्याला हळदकुंकू वाहते आणि मगच रान भिजतं. आसपासच्या गावांत हा मान माझा आहे. मला टोपी घालतात, टॉवेल देतात, गुळाचा चहा देतात. हसू आलं ना? मलाही यायचं, पूर्वी.

तो मान मला कसा मिळाला, तेच सांगायचंय. पण सरळ तिथं पोचता येत नाही – जरा वळसा घेऊन येतो.

मी फौजेतून पेन्शनवर आलो, तेव्हा आमच्या वाडीत शाळू सोडून काही पिकत नव्हतं. आम्ही काही जणांनी मिळून नदीवरून पाइपलाइन आणायचं ठरवलं. माझा फंड मी त्यात घातला. सुमनवहिनींनी हातातल्या पाटल्या मोडल्या. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तो अपघातात गेल्यापासून त्या एकट्याच रान बघायच्या. भागीदारांत बाई अशी त्या एकट्याच. चर खणताना उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या असायच्या आणि गड्यांना चहा कमी पडू द्यायच्या नाहीत.

पाइप नदीकडून चढत सगळ्यांची रानं ओलांडून येतो. माझं रान शेवटून दुसरं, वहिनींचं अगदी टोकाला, माळावर. पुढं कुठं पाइप फुटला तर पाणी तोडता यावं, म्हणून माझ्या बांधाला एक व्हॉल्व्ह बसवला आणि वर शहाबादी फरशी टाकली. तो सांभाळायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. फौजी माणूस लबाडी करत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. कोण म्हणतं हो असं? आम्ही फौजीच म्हणत असणार.

मी आणि वहिनी, दोघांनीही द्राक्षं लावली. वहिनी रोपांशी बोलायच्या – मी बांधावरून ऐकायचो आणि चिडवायचो, वहिनी, त्यांची लग्नं कवा करताय? त्या हसायच्या. सुरुवातीला पाणी पुरत होतं. मग एका उन्हाळ्यात नदी खाली गेली, मोटार दम टाकायला लागली. छाटणी नुकतीच झालेली, वेलींना पाणी हवंच. माझी बाग माना टाकतेय असं मला वाटलं – वाटलं, बरं का, टाकली नव्हती.

मी फरशी सरकवली आणि चाक फिरवलं. पुरतं नाही. पुरतं बंद केलं असतं, तर संशय आला असता. म्हणजे एवढा विचार मी केला होता, हे ध्यानात घ्या. हातून घडून गेलं वगैरे काही नाही.

वहिनींच्या रानात करंगळीएवढी धार यायला लागली. त्या विचारायला आल्या, तेव्हा मी तोंड वर करून सांगितलं, “वहिनी, तुमचं रान उंचावर आहे. पाणी चढत नाही.” मग बाकीचेही तेच म्हणू लागले. कुणी माळाकडं बघून मान हलवली, कुणी मोटारीला दोष दिला. मला पुन्हा खोटं बोलावंच लागलं नाही. गाव माझ्यासाठी बोलत होतं.

फक्त त्यांच्या मुलानं, किरणनं, एकदा विचारलं, “काका, तो व्हॉल्व्ह जरा बघूया का?” पोरगा डिप्लोमा करून आलेला, सरळ मनाचा. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. मी फौजेत पूल बांधलेत, तू मला शिकवतोस काय रं? तो लाल झाला. वहिनींनी त्यालाच माझी माफी मागायला लावली. त्यानं मागितली.

पाऊस आला, नदी भरली. तरी मी चाक उघडलं नाही. का? एकदम पाणी कसं आलं, याला काय उत्तर देणार होतो – असं मी मनाशी म्हणायचो. ते खोटं. माझ्या बागेला पाणी मुबलक मिळत होतं आणि मला ते आवडत होतं, एवढंच.

वहिनींची बाग वाळली. वेली उपटायला ट्रॅक्टर माझाच होता. किरण साताऱ्याला कारखान्यात लागला आणि गावाकडं येईनासा झाला. मग वहिनीच एक दिवस म्हणाल्या, पडून ऱ्हाण्यापरीस तुमीच खंडानं करा, वर्साला ठरलेलं पैसं द्या. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला लाज वाटली का? खरं सांगू – पुढच्या हंगामात कुठली जात लावायची, हा विचार आधी आला.

त्यांच्या रानात उतरायच्या आदल्या सकाळी मी ते चाक पूर्ण उघडलं. दुसऱ्या दिवशी माळावर मनगटाएवढी धार पडली. वाडी बघायला जमली. वहिनीही आल्या. आता त्या ओळखणार, असं मला वाटलं. त्यांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, “आवं भावजी, पानी बी मानूस बघून चढतंय. तुमच्या हाताला गुन हाय.”

तेव्हा बोलता आलं असतं. मी नुसता हसलो. लोकांनी ते नम्रपणात धरलं. माझा मान तिथून सुरू झाला.

वहिनी आता माझ्या बागेत रोजानं येतात. दुपारची भाकरी त्या माझ्या बांधावर, त्याच फरशीवर बसून खातात. तिथं गार लागतं म्हणतात.

परवा रहिमतपुरात त्यांच्या लेकीच्या सासरी नवी पाइपलाइन झाली. पहिलं पाणी भावजींनीच सोडायचं, असा वहिनींचा हट्ट. मी गेलो. सगळ्या पाहुण्यांना त्या सांगत होत्या, माझं रान उंचावर, पाणी चढंना, या माणसानं चढवलं. साताऱ्याहून किरणही आला होता. केस पिकायला लागलेत त्याचे. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी नारळ फोडला, चाकाला हात घातला. माणसं पाइपाच्या तोंडाकडं बघत होती. किरण बघत नव्हता. तो माझ्या हाताकडं बघत होता – चाक किती फिरतंय, ते. मी फिरवत राहिलो. पाणी उसळलं, बायका ओरडल्या, तरी त्याची नजर हलली नाही. चाक फिरायचं थांबलं, पुढं जाईना, तेव्हाच तो वळला आणि आईला धरून बांधावरून खाली घेऊन गेला.

म्हणजे त्याला माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

वहिनींचं रान अजून माझ्याकडंच आहे. यंदा तिथं माल चांगला धरलाय. आज सकाळी त्या घडांच्या विरळणीला आल्या होत्या.